जोरात आणि जेमतेम

३ जून

आत्या,

पत्राच्या वर 'तीर्थरूप' लिहिलं की तू म्हणतेस, अगं, मी अजून घरातच आहे. म्हणून नुसतंच आत्या, आणि नमस्कार. फोनच करणार होते, पण मागच्या वेळी मी 'नोकरी लागली' म्हणाले आणि तू 'ठोकर? कुठे लागली?' म्हणून बर्फाच्या पिशवीवर व्याख्यान दिलंस. कान तुझे आणि घसा माझा. त्यापेक्षा कागद बरा.

तर नोकरी लागली! संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग, मोठ्या माणसांचा, मधल्या पातळीचा. म्हणजे 'माय नेम इज'च्या पुढे गेलेले, पण इंग्रजीत भांडता येण्याइतके पुढे न पोचलेले. वर्ग एका शाळेत, पहिलीच्या खोलीत भरतो. बाकं इतकी बुटकी की बसल्यावर गुडघे हनुवटीशी गप्पा मारतात.

पहिल्या बाकावर असतात सिस्टर. मोठ्या रुग्णालयात परिचारिका आहेत, ड्यूटी संपली की गणवेशातच येतात. त्यांच्या वॉर्डात नवे डॉक्टर आलेत, त्यांना आपली भाषा येत नाही, सगळं इंग्रजीत. वॉर्डाची इन्चार्ज व्हायचं तर डॉक्टरांशी फोनवर बोलता आलं पाहिजे, आणि सिस्टरना इन्चार्ज व्हायचंच आहे. त्यांच्या मागे लिफ्ट दुरुस्त करणारे काका. खिडकीशी हॉटेलच्या रिसेप्शनवरची मुलगी, ती उत्तर येत नसलं तरी हसून देते. बाकीचे अजून लाजतायत.

तीन महिन्यांनी संचालक ठरवणार, वर्ग ठेवायचा की नाही, आणि मला ठेवायचं की नाही. येत्या सोमवारी नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी क्रियाविशेषणं आहेत. तू तर जन्मभर हेच शिकवलंस. कुठून सुरुवात करू? लवकर लिही.

तुझी,
भुणभुण

१२ जून

भुणभुणे,

अभिनंदन. तू बोलायला लागलीस तेव्हा आम्हाला वाटायचं, ही गप्प कधी बसणार. आता त्याचा पगार मिळणार म्हणजे बरंच झालं.

क्रियाविशेषण म्हटलं की प्रत्येक नवा मास्तर फळ्यावर 'विशेषणाला ली लावा' असं लिहितो आणि घरी जाऊन निवांत झोपतो. तसं करू नकोस. एक किल्ली हातात दिली की माणसं ती दिसेल त्या कुलपाला लावतात. स्लोचं स्लोली होतं, पण फास्टचं फास्टली होत नाही. आणि सगळ्यात आतल्या गाठीचं म्हणजे हार्ड. हार्ड म्हणजे जोरात, कष्टाने. हार्डली म्हणजे जेमतेम, जवळपास नाहीच. सख्खे भाऊ, पण एकमेकांचं तोंड बघत नाहीत. दोघांना एकाच दिवशी वर्गात आण आणि शेजारी उभं कर. नियम सगळ्यात शेवटी सांग, तोही हळूच.

माझं म्हणशील तर मी जवळजवळ ठणठणीत आहे. हल्ली जिना फारसा उतरत नाही. वर हवा चांगली असते.

आशीर्वाद आहेतच.
आत्या

२० जून

आत्या,

तुझं पत्र मंगळवारी आलं, वर्ग सोमवारी झाला. आणि मी काय केलं असेल? फळ्यावर लिहिलं, 'ली लावा'.

पण काय सांगू, वर्ग असा रंगला! मी म्हणायचं 'क्विक', त्यांनी ओरडायचं 'क्विकली'. 'सॉफ्ट', 'सॉफ्टली'. लाजणारेसुद्धा ओरडत होते. लिफ्टवाले काका म्हणाले, "मॅडम, आमची लिफ्ट फास्टली येते आणि डेंजरली थांबते." हसून हसून पोट दुखलं. रिसेप्शनवाली म्हणाली, आज ती लेटली आली. सिस्टर मात्र हसल्या नाहीत, त्या लिहून घेत होत्या. जाताना म्हणाल्या, "मॅडम, इतकं सोपं असतं हे मला शाळेत कुणी सांगितलंच नाही."

अपवाद पुढच्या सोमवारी सांगीन म्हणाले, पण शाळेच्या रंगकामासाठी खोली बंद आहे, वर्गाला सुट्टी. घाई काय आहे? एवढं काही जगबुडी होत नाही.

तुझी,
भुणभुण

१ जुलै

भुणभुणे,

अपवाद उशिरा सांगायचे नसतात. पायरी तुटकी आहे हे माणूस चढण्याआधी सांगायचं असतं.

वर्ग उघडला की पहिलं काम तेच कर. अक्षर वाकडं आलंय, पेन वाईट आहे.

आत्या

९ जुलै

आत्या,

जगबुडी झाली.

सुट्टीनंतर वर्ग उघडला तेव्हा सिस्टर आल्या नाहीत. रिसेप्शनवालीची मामी त्याच रुग्णालयात जेवणखाण बघते, तिच्याकडून कळलं. त्यांच्या वॉर्डात दम्याचे एक आजोबा आहेत. दुपारी त्यांना धाप लागली. तशी ती नेहमी लागते, पण डॉक्टरांना कळवायचं असतं. नेहमी फोन करणाऱ्या, परिचारिकांच्या मुख्य बाई रजेवर होत्या. सिस्टरनी स्वतःहून फोन उचलला. पहिल्यांदाच, आत्या. आणि म्हणाल्या, "पेशंट इज ब्रीदिंग हार्डली."

जोरजोरात श्वास घेतोय, असं त्यांना म्हणायचं होतं. ली लावला. मी शिकवला तसा.

डॉक्टरांनी ऐकलं, श्वास जेमतेम चालू आहे. ते तपासणी सोडून धावत आले, तातडीची माणसं ट्रॉली घेऊन वरच्या मजल्यावरून धावत आली, आजोबांच्या मुलीला बाहेर काढलं, ती दारातच मटकन खाली बसली. आणि आत आजोबा उठून बसलेले, धापा टाकत विचारतायत की माझा चष्मा कुणी घेतला. कुणाला काही झालं नाही. पण डॉक्टर सगळ्यांसमोर बोलले, आणि त्या दिवसापासून सिस्टरनी फोनला हात लावायचा नाही असं ठरलं. इन्चार्जच्या जागेसाठी त्यांचं नाव पुढे गेलं होतं, ते थांबलं.

मी भेटायला गेले. त्या चादरी घड्या करत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मॅडम, मी दिवसभर पाठ केलं होतं. तुम्ही सांगितलं तसंच बोलले."

तुला एक सांगितलं नव्हतं. त्या सोमवारीच सिस्टरनी हात वर करून विचारलं होतं, "सगळ्यांना ली लागतो का?" मला 'हार्ड' आठवत होता. पण वर्ग इतका खुशीत होता की मजा मोडवेना. मी म्हणाले, "बहुतेक सगळ्यांना." त्या 'बहुतेक'च्या मागे मी लपले.

मी संचालकांना सांगून ही नोकरी सोडणार आहे.

आणि आता तू. तुझी पत्रं पुन्हा वाचली. 'जवळजवळ' ठणठणीत? जिना 'फारसा' उतरत नाहीस? तू उभ्या जन्मात 'जवळजवळ' म्हणाली नाहीस. तुझं एक तर असतं किंवा नसतं. काय झालंय ते सरळ लिही, नाहीतर मी गाडीत बसते.

भुणभुण

१६ जुलै

भुणभुणे,

गाडीत बसू नकोस. मे महिन्यात मी जिन्यात पडले. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, व्यवस्थित झाली. तुला नवी नोकरी मिळायच्या बेतात होती, तू सगळं टाकून आली असतीस, म्हणून सांगितलं नाही. खालच्या मजल्यावरच्या वहिनी दोन वेळा बघून जातात. झोपून लिहिते म्हणून अक्षर वाकडं.

तू मला माझ्याच शब्दांत पकडलंस. राग यायला हवा होता, पण खरं सांगू, उशीखाली पत्र ठेवून हसले. जिला हे ऐकू येतं, तिने शिकवणं सोडायचं नसतं.

आता नीट ऐक. नोकरी सोडून तुझं मन हलकं होईल, सिस्टरचं नाव पुढे सरकणार नाही. सोडायची तर सगळं निस्तरून सोड. त्यांच्याबरोबर त्या डॉक्टरांसमोर जा आणि सांग की चूक कुठून आली. माफी मागताना पदर पसरायचा नाही आणि फणाही काढायचा नाही. चूक सांगायची आणि पुढे काय करणार ते सांगायचं.

आणि वर्गात फळा पुसून टाक. दार हळू लावायला लाव, जोरात लावायला लाव, जेमतेम टेकवायला लाव. हाताला कळलं की तोंडाला कळतं.

माझ्याकडे रोज एक मुलगी येते, फिजिओथेरपी शिकते आहे, शेवटचं वर्ष. ती म्हणते, चला. मी म्हणते, उद्या. ती म्हणते, हाड जुळलंय आजी, आता भीती जुळलीय. वाचाळ आहे. तुझ्यासारखीच.

आत्या

२ ऑगस्ट

आत्या,

तुझ्यावर रागावायला एक वेगळं पत्र लिहिणार आहे. हे त्यातलं नाही. पण वाचून मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले, हे नोंदवून ठेव.

गेले डॉक्टरांकडे. सिस्टर आधी नको म्हणत होत्या. "मॅडम, झाली तेवढी शोभा पुरे." मी म्हटलं, शोभा माझी होणार आहे, तुम्ही नुसत्या सोबत या.

डॉक्टर इंग्रजीत बोलतात, तुला आपल्या भाषेत सांगते. मी सगळं सांगितलं. नियम, ली, त्यांचा प्रश्न आणि माझं 'बहुतेक'. मला वाटलं, ते हसतील, म्हणतील असू द्या. ते हसले नाहीत.

म्हणाले, "तातडीची माणसं इथे होती तेवढा वेळ ती दुसरीकडे नव्हती. त्या दिवशी दुसरीकडे कुणाला लागली नाहीत, हे नशीब."

"मान्य आहे," मी म्हणाले.

"मग मी काय करावं? फोन परत द्यावा?"

मी काही बोलायच्या आत सिस्टर पुढे झाल्या. मोडक्यातोडक्या पण ठाम इंग्रजीत म्हणाल्या, "फोन नको. सकाळच्या फेरीत मला बोलू द्या. प्रत्येक पेशंटबद्दल. तुम्ही समोर असाल, पेशंट समोर असेल. चुकले तर तिथेच सांगा."

मुख्य बाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "महिनाभर बघू." डॉक्टरांनी मान हलवली. गोड नाही, पण हलवली.

आणि सिस्टर वर्गात परत आल्या! मी सगळ्यांसमोर सांगितलं की माझ्या अर्धवट शिकवण्याने काय झालं. लिफ्टवाले काका म्हणाले, "मॅडम, आमच्यात बिघडलेली लिफ्ट ज्याने बिघडवली त्यालाच दुरुस्त करायला लावतात. करा सुरू."

आम्ही बाकं भिंतीला लावली. काका पेशंट झाले, टेबलावर आडवे पडले. मी कानात सांगायची, त्यांनी तसा श्वास घ्यायचा, वर्गाने ओळखायचं. स्लोली. हेव्हिली. हार्ड म्हटल्यावर असे धापा टाकायला लागले की शाळेचा शिपाई पाणी घेऊन धावत आला. हार्डली म्हटल्यावर इतके निपचित पडले की रिसेप्शनवाली किंचाळली. सिस्टर जवळ गेल्या, सवयीने नाडी धरली, आणि काकांना गुदगुल्या झाल्या. तेव्हा सिस्टर हसल्या. मोठ्याने, तोंडाला पदर न लावता.

आता तू चालायला लाग. मी डॉक्टरांसमोर गेले, तू त्या वाचाळ मुलीसमोर जा. देवाणघेवाण आहे.

भुणभुण

११ ऑगस्ट

भुणभुणे,

देवाणघेवाण म्हणे! पत्र वाचून दाखवलं त्या मुलीला, तेच चुकलं. तिने कंबर कसली.

गॅलरीपर्यंत गेले. चालण्याची काठी, ती मुलगी आणि खालच्या वहिनी, अशी मिरवणूक. तीन ठिकाणी थांबले, दोन ठिकाणी शिव्या घातल्या. पण गॅलरीच्या कठड्याला हात लागला तेव्हा रस्ता दिसला. शेजारच्या इमारतीला केव्हा रंग दिला गं? कुणी सांगितलंच नाही.

त्या मुलीची गंमत ऐक. तिला पास झाल्यावर मोठ्या रुग्णालयात मुलाखत द्यायची आहे, इंग्रजीत, आणि इंग्रजी म्हटलं की तिचा वाचाळपणा आटतो. मी म्हटलं, ये. आता ठरलंय असं. मी चालायचं आणि तिने इंग्रजीत सांगायचं, मी कशी चालते. पहिल्या दिवशी म्हणाली, आजी वॉक्स स्लोली. दुसऱ्या दिवशी, आजी वॉक्स अँग्रिली. काल म्हणाली, आजी वॉक्स बॅडली, आणि हे म्हणताना इतकी खूश झाली की मी काठी उगारली. काठी उगारताना दुसऱ्या हाताचा आधार सोडला होता, हे दोघींच्या नंतर लक्षात आलं.

पुष्कळ दिवसांनी कुणाची चूक सुधारली. जेवण जास्त गेलं.

सिस्टरचं कळव.

आत्या

७ सप्टेंबर

आत्या,

कळवते, पण बसून वाच.

महिनाभर सिस्टर रोज सकाळच्या फेरीत बोलल्या. पहिला आठवडा वाईट गेला. डॉक्टर मध्येच थांबवायचे, शिकाऊ मुली खुदखुदायच्या. वर्गात येऊन सिस्टर सगळं ओकून टाकायच्या, मग आम्ही तेच पुन्हा करायचो. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी एकदाही थांबवलं नाही. सिस्टरना वाटलं, ते ऐकतच नाहीत. मग त्यांनी एका पेशंटबद्दल प्रश्न विचारला, तेव्हा कळलं की ऐकत होते.

मागच्या गुरुवारी दुपारी शस्त्रक्रिया झालेल्या एका बाई एकाएकी गुंगीत गेल्या. नवी परिचारिका फोन हातात धरून नुसती थिजली होती, 'हॅलो, हॅलो' च्या पुढे जाईना. मुख्य बाई वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला. सिस्टरना मनाई होती, तरी त्यांनी फोन घेतला. म्हणाल्या, "त्या हाकेला ओ देत नाहीत. ओठ निळे पडलेत. श्वास खूप थोडे आहेत, मी मोजतेय. या." इंग्रजीत, आत्या. डॉक्टरांनी एकच विचारलं, "किती?" त्यांनी आकडा सांगितला. ते आले तेव्हा सिस्टरनी प्राणवायू लावून ठेवला होता.

त्या बाई आता स्वतःच्या हाताने जेवतात.

सोमवारी वर्गात मी विचारलं, "सिस्टर, 'हार्डली' का नाही म्हणालात? आता तर पक्कं येतं तुम्हाला."

तर म्हणतात, "आला होता मॅडम तोंडापर्यंत. पण म्हटलं, परीक्षा नंतर देऊ." वर्ग असा हसला की वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची आपटली.

डॉक्टर त्यांना चांगलं काही बोलले नाहीत. पण शनिवारी फेरी संपल्यावर त्यांनी मुख्य बाईंना सांगितलं, फोनवर मला या बाई हव्यात. नाव पुन्हा पुढे गेलं आहे. होईल की नाही माहीत नाही, पण गेलं आहे.

संचालकांनी वर्ग ठेवलाय. सिस्टरनी वॉर्डातल्या चौघींना आणून बसवलं, संचालकांना नाही म्हणायची सोयच राहिली नाही. मलाही ठेवलंय. मी नोकरी सोडणार होते, हे मी त्यांना सांगितलेलंच नाही, आता कशाला सांगू?

दिवाळखोराच्या पैशांसारखे शब्द संपलेत माझे. तू कशी आहेस? आणि या वेळी पूर्ण वाक्यात.

भुणभुण

१५ सप्टेंबर

भुणभुणे,

तुझं पत्र घेऊन मी खालच्या वहिनींकडे गेले, वाचून दाखवायला. हो, खाली. जिना उतरून. पूर्ण वाक्य आहे हे.

सिस्टरना माझा नमस्कार सांग. त्यांच्या डॉक्टरांनाही सांगितला असता, पण त्यांना कळायचा नाही.

आता माझी बातमी. ती वाचाळ मुलगी पास झाली. मुलाखत दिली आणि तिला जागा मिळाली, तुमच्याच शहरात. मुलाखत घेणाऱ्यांनी विचारलं, आतापर्यंतचा सगळ्यात अवघड पेशंट कोण? तर ही बया माझ्याबद्दलच बोलत सुटली. त्यांनी हात दाखवून थांबवली म्हणे. परवा सांगायला आली, आनंदाने उडी मारली, आणि मग तिचं लक्ष माझ्या काठीकडे गेलं. "आजी, तुमचं रोजचं चालणं?" म्हणाली. मी म्हटलं, "माझे पाय मला आहेत. तू तुझे उचल." ती गेल्यावर घर जरा मोठं वाटलं, हे तुलाच सांगते, तिला कळवू नकोस.

वहिनींच्या सुनेला आणि तिच्या दोन मैत्रिणींना इंग्रजी शिकायचंय. मी हो म्हटलंय. त्या वर येणार नाहीत, मी खाली जाणार.

ती मुलगी रविवारी सकाळच्या गाडीने पोचेल. नव्या गावात तिचं कुणी नाही, एवढी बडबड करते ती घाबरते म्हणून. तू स्टँडवर जा. निळी बॅग आहे, आणि शेजारच्या माणसाशी बोलत असेल, ओळखायला सोपी. तिला तुझ्या वर्गात घे, पण ती लगेच वही काढेल, तेव्हा काढू देऊ नकोस. आधी घरी ने आणि पोटभर जेवायला घाल. व्याकरण कुठे पळून जात नाही.

आत्या